तुम्ही विचारलंत म्हणून: शॉप सोडून प्रदर्शनाला का जातो

"परत चाललात काय प्रदर्शनाला? काय मिळतंय ओ तिथं जाऊन?"

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, चहाला उभं राहिलं की हा प्रश्न ठरलेला. फाउंड्रीवाले विचारतात, हायड्रॉलिकवाले विचारतात, माझ्यासारखे झिंक आणि हार्ड क्रोमचा मुलामा चढवायचं, म्हणजे प्लेटिंगचं, जॉबवर्क करणारे तर हमखास. आजवर "असंच, बघायला" म्हणून विषय सोडून दिला. यंदा शॉपमध्ये नव्यानं यायला लागलेल्या पुतण्यानंही तेच विचारलं, तेव्हा वाटलं की एकदा नीट सांगून टाकावं.

तुमचा हिशेब मला कळतो. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरायची, सकाळी बंगळूर, तिथून तुमकूर रस्ता, दोन दिवस हॉल पालथे घालायचे आणि परत. चार दिवस बाथकडे, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीकडे, बघायला मी नसतो. बंगळूरचं हे इमटेक्स प्रदर्शन तर मुळात मशिन टूलवाल्यांचं. आपल्या कामाचे स्टॉल शोधत फिरावं लागतं. किलोवर पैसे मिळणाऱ्या धंद्यात हे परवडत नाही, असं तुम्ही म्हणता. पूर्वी मीही तेच म्हणायचो. "प्रदर्शन म्हणजे पिशव्या, पेन आणि कॅलेंडर" हे वाक्य माझंच आहे. ते आता तुमच्या तोंडून ऐकलं की मला राग येतो, आणि तो तुमच्यावरचा नसतो.

२०१२ साली मी मुंबईला गोरेगावच्या प्रदर्शनात गेलो, ते चकाकीसाठी. आमच्या ॲसिड झिंकच्या मुलाम्याला कोपऱ्यांत आणि आट्यांत काळपटपणा येत होता आणि पार्टी माल परत पाठवत होती. एका केमिकलवाल्याच्या स्टॉलवर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. मी खिशातला बोल्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, हेडवरचा १२.९ हा ताकदीच्या ग्रेडचा आकडा बघितला आणि विचारलं, "प्लेटिंगनंतर बेक किती तास करता?"

मी चकाकीचं केमिकल घ्यायला आलेला. मी म्हणालो, "साहेब, मला ब्राइटनर पाहिजे."

"ब्राइटनर देतो. आधी हे सांगा."

मला वाटलं, हा माणूस माझी परीक्षा घेतोय. लहान गावातला बघून शिकवायला बसलाय. ब्राइटनरचा दर लिहून घेतला आणि उठलो. बाजूच्या हॉलमध्ये दुपारी ह्याच विषयावर व्याख्यान होतं. त्याचा फलक वाचून मी जेवायला गेलो.

चार महिन्यांनी एका गुरुवारी सकाळी सातला फोन आला. प्रेस बांधणारी आमची जुनी पार्टी. "या आणि बघा," एवढंच बोलून फोन ठेवला. जाऊन बघतो तर मशिनखाली बोल्टची सहा हेडं पडलेली. आदल्या संध्याकाळी टॉर्क रेंचनं आवळून सगळे घरी गेले होते. रात्रभर कोणी हात लावला नव्हता. त्यांच्या फिटरनं एक हेड माझ्या तळहातावर ठेवलं. तुटलेली जागा साखरेसारखी दाणेदार, कुठं ताणल्याची खूण नाही. मग त्यानं मला भिंतीकडं नेलं. सातवं हेड आम्ही पोचायच्या थोडं आधी, सगळ्यांच्या देखत उडालं होतं आणि टूल ठेवायच्या कपाटाच्या पत्र्यावर आदळलं होतं. कपाटाला टेकून एक हेल्पर पोरगा डबा खात बसला होता. पत्र्यातला पोचा त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. मी तो बोटानं चाचपला. पोरगा माझ्याकडं बघत होता, कारण मी कोण हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

झालं काय होतं? ॲसिडमध्ये पिकलिंग करताना, म्हणजे गंज-स्केल काढताना, आणि प्लेटिंगच्या करंटखाली हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो. मऊ मालाला त्याचं विशेष काही होत नाही. १२.९ चा बोल्ट म्हणजे साधारण ३९ ते ४४ रॉकवेल सी कडकपणाचा. असा कडक माल ताणाखाली आला की काही तासांनी आतून चिरतो आणि काही न सांगता तुटतो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये जायला हवा, १९० ते २२० अंश सेल्सियसला, कित्येक तास. पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवर क्रोमची पातळ संरक्षक फिल्म चढवणं, त्याच्यानंतर, कारण पिवळी क्रोमेटची फिल्म तेवढी उष्णता सोसत नाही. आमच्याकडं ओव्हन होता. तो आम्ही माल वाळवायला वापरायचो. शिवाय त्या लॉटचा स्केल, म्हणजे पोलादावरची काळी खपली, निघत नव्हता म्हणून "राहू दे अजून ॲसिडमध्ये" असं कारागिराला मीच सांगितलं होतं.

ड्रॉइंगवर बेकिंगचा एक शब्दही नव्हता. "झिंक ८ मायक्रॉन, यलो", बस. ड्रॉइंगवर लिहिणं हे पार्टीचं काम आहे असं मी तेव्हा भांडून सांगितलं, आणि आजही मला ते खरं वाटतं. पण पोचा चाचपताना ते मला म्हणवलं नाही. सगळ्या बोल्टांचे पैसे भरले. पार्टी गेली ती गेलीच.

आता तुम्ही म्हणाल, आणि पुतण्या म्हणालाच: "काका, तो माणूस भेटूनसुद्धा तुम्ही ऐकलं नाही. मग प्रदर्शनाचा उपयोग काय झाला?" ह्याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. हे सगळं पुस्तकात होतं, हेही खरं. पण पुस्तक माझा बोल्ट हातात घेऊन उलटा करून बघत नाही. मी ब्राइटनरचं पान उघडलं असतं आणि तेवढंच वाचलं असतं. जे विचारायचं मला सुचलंच नसतं, ते त्या माणसानं मला विचारलं होतं. पुढच्या खेपेला त्यांना शोधत गेलो. स्टॉल होता, ते नव्हते. निवृत्त झाले म्हणाले.

तेव्हापासून जाताना फेल झालेले जॉब नेतो. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: तारीख, करंट, तापमान, बाथचं रीडिंग. बोअरच्या पाण्याचा रिपोर्टही नेतो, कारण अर्धी दुखणी तिथूनच निघतात. सेल्सवाल्याला सोडून लॅबमध्ये बसणारा माणूस कोण ते विचारतो, आणि गर्दी ओसरल्यावर दुपारनंतर त्याच्याकडं जातो. पाच लिटर नमुना मागतो. घरी आणून २६७ मिलिलिटरच्या हल सेलमध्ये, म्हणजे प्लेटिंग तपासायच्या छोट्या टाकीत, आमच्याच बाथबरोबर पॅनल, म्हणजे चाचणीची पत्र्याची पट्टी, काढतो. त्यांच्या स्टॉलवरचा पॅनल चमकणारच, तो त्यांच्या पाण्यात काढलेला असतो.

आणि एक प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येकानं विचारायलाच हवा: बाथ बिघडला तर बेळगावला कोण येणार? कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, बंगळूर पाचशे. पण डीलर राज्यावर वाटलेले. कोल्हापूरवाला म्हणतो तुमचा भाग बंगळूरकडं, बंगळूरवाला म्हणतो पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. बाथ आठवडाभर थांबत नाही. ह्या एका प्रश्नावर मी दोन चांगली केमिकलं सोडून दिली आहेत.

फसलोही आहे. प्रदर्शनाच्या सवलतीत, जागेवरच सही करून घेतलेला एक पल्स रेक्टिफायर, म्हणजे ठोक्याठोक्यानं करंट देणारं यंत्र, आमच्याकडं ताडपत्रीखाली उभा आहे. आमच्या कामाला त्याची गरज नव्हती. आता स्टॉलवर सही करत नाही.

फायदाही सांगतो. युरोपात जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्सच्या मालात हेक्साव्हॅलंट क्रोमवर, म्हणजे पिवळ्या क्रोमेटमधल्या विषारी क्रोमवर, बंधन आलं, आणि त्याच्याऐवजी ट्रायव्हॅलंट क्रोमच्या पॅसिव्हेशनची मागणी हळूहळू आपल्या एक्स्पोर्टवाल्यांकडून आपल्यापर्यंत पोचली. त्या बाथला लोखंडाची घाण अजिबात चालत नाही. टाकीच्या तळाला पडलेला बोल्ट रोज काढावा लागतो. हे मला एका स्टॉलमागं उभ्या असलेल्या पोरानं सांगितलं. कॅटलॉगमध्ये ते सापडलं नव्हतं. त्याच्यावर आमचं एक काम टिकलंय. चार दिवसांचा खर्च त्यातून निघतो का? निघत असेल. मी मांडून बघितलेलं नाही.

त्या सहांतलं एक हेड माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा पुतण्यानं ते बाहेर काढलं, "हे घेऊन जाऊ काय?" म्हणाला. "ने की," म्हटलं. ते घेऊन तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "त्या पोराचं पुढं काय झालं?" मला माहीत नव्हतं. मी कधी विचारायलाच गेलो नाही.

तिकिटं दोघांची काढली आहेत. शॉप चार दिवस कोण बघणार, ते अजून ठरायचंय.