वासापुरती तूर

"पाव किलो मसूर द्या, आणि शंभर ग्रॅम तूर."

किराणा दुकानात माझ्या पुढे एक ताई उभ्या होत्या. दुकानदार म्हणाला, "तूर एवढीशीच?"

"वासापुरती हो. जराशी तूर पडली की पोरांना वरण वाटतं. नाहीतर ताट सरकवतात."

काट्यावर आकडा आला १०६. त्याने चिमूटभर डाळ काढायला हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि पिशवीला गाठ मारली. ताई आकड्याकडेच बघत होत्या. बोललं कुणीच नाही.

मग माझा नंबर. मी एक किलो तूर घेतली. भाव विचारला नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पण तांदूळ-गहू झाले, पुढे काय? डाळ, तेल, गॅस, कांदा, सगळं रोखीचं. काटकसर तिथेच करावी लागते.

आमच्याकडे आई "आज मस्त पिठलं-भाकरी!" असं जाहीर करायची तेव्हा आम्ही उड्या मारायचो. तो बेत हमखास पंचवीस तारखेनंतरच असायचा, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

रात्री फोन करून विचारलं, "आपल्या वरणात मसूर असायची का गं?"

आई हसली. "आत्ता कळलं होय?"

तुमच्याकडे महिनाअखेरीला काय शिजायचं?