पवर्गातल्या चुका

श्रुतलेखनाच्या वह्या मी शक्यतो त्याच दिवशी तपासते. जुलै २०२३ मधल्या त्या दिवशी तिसरीच्या अकरा वह्या माझ्यासमोर होत्या आणि त्यांतल्या दहा वह्यांत चौथ्या-पाचव्या शब्दानंतर कोरी जागा होती. अकराव्या वहीत मात्र वीसच्या वीस शब्द लिहिलेले होते, आणि ती वही ज्या मुलाची होती, त्याच्या नावापुढे निपुण भारत अभियानाच्या नोंदीत मी दोन वेळा 'शब्द स्तर' असे लिहिले होते. तिसरीतले मूल अजून सुट्या शब्दांवरच अडखळते, असा त्याचा अर्थ.

आमची शाळा डोंगराळ भागातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीची आणि द्विशिक्षकी. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे असतात. अशा वर्गात शिक्षिकेचे तोंड एका वेळी एकाच इयत्तेकडे राहू शकते. चौथीची गणिते फळ्यावर लिहिता लिहिता मागे न वळता तिसरीला शब्द सांगायचे, ही माझी वर्षानुवर्षांची सवय होती आणि वेळेची बचत म्हणून मी ती चांगलीच मानत आले होते. त्या दिवशी मात्र पावसाने पत्र्यावर असा मारा धरला होता की शेजारच्याचे बोलणेही कळत नव्हते, त्यात वीज गेलेली, खोलीत अंधार. म्हणून मी दाराशी, उजेडात उभी राहिले आणि मुलांकडे तोंड करून शब्द सांगू लागले. "बाई, ऐकू येत नाही," असे म्हणत एकेकाने पेन्सिल खाली ठेवली. तो एकटा माझ्या तोंडाकडे पाहून लिहीत राहिला.

वहीत त्याने 'पाऊस'चे 'बाऊस' केले होते, 'बाजार'चे 'माजार', 'मासा'चे 'पासा', 'फणस'चे 'पणस' आणि 'भाकर'चे 'माकर'. 'शाळा', 'आई', 'वारा' हे शब्द अचूक होते. लाल पेन हातात असूनही मला खूण करवेना, कारण चुका अंदाधुंद नव्हत्या. समोरच्या भिंतीवर वर्णमालेचा तक्ता होता. प, फ, ब, भ, म या एका ओळीबाहेर त्याची एकही चूक गेली नव्हती. डी.एड.ला असताना कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग मी परीक्षेपुरते पाठ केले होते. वर्गाच्या स्वच्छता कोपऱ्यात मुलांचे केस विंचरण्यासाठी एक आरसा टांगलेला आहे. त्याच्यासमोर जाऊन मी आवाज न काढता 'पाऊस', 'बाऊस', 'माऊस' असे म्हणून पाहिले. तिन्ही वेळा माझे ओठ तसेच मिटले आणि तसेच उघडले. या मुलाने माझे शब्द ऐकून नव्हे, तर पाहून लिहिले होते.

मी त्याच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत अर्धे शब्द गाळलेले होते, पानेच्या पाने, आणि प्रत्येक पानाखाली माझ्या अक्षरात 'लक्ष दे' असा शेरा होता.

शाळा सुटताना मी त्याला थांबवून घेतले. पाऊस उघडला होता. तो दप्तर भरत असताना मागून नेहमीच्या आवाजात दोनदा हाक मारली. त्याने मान वळवली नाही. मग समोर बसवून साधे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे त्याने नीट दिली. बोलता बोलता मी हातातली वही तोंडासमोर धरली, तेव्हा तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, वही बाजूला घ्या ना." मी विचारले, "मी फळ्याकडे तोंड करून बोलते, तेव्हा तुला ऐकू येतं का रे?" तो म्हणाला, "आवाज येतो. पण काय म्हणता ते नाही कळत." हे त्याने कधीच का सांगितले नाही, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण मी तो विचारला नाही. सगळ्यांना असेच ऐकू येते, अशी त्याची समजूत असणार. शिवाय त्याची पहिली २०२१-२२ सालची. शाळा बराच काळ बंद होती, आणि उघडली तेव्हा आम्हा शिक्षकांची तोंडे मास्कने झाकलेली होती. ज्या वर्षी मूल अक्षरे शिकते, त्याच वर्षी त्याचा एकमेव आधार आम्ही कापडाआड ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "बाई, लहानपणी दोन्ही कान फुटायचे त्याचे, पू यायचा. आम्ही लसणाचं तेल सोडायचो," ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून, "हाक मारली तरी मुद्दाम येत नाही म्हणून मार खाल्लाय ओ त्यानं." मी तिला एवढेच सांगितले, "ताई, शेरे मीही मारलेत. आता आधी कान दाखवू."

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, पण दोन्ही वर्षी तपासणीच्या दिवशी तो गैरहजर असल्याने त्याच्या पत्रकावर कानांविषयी काहीच नोंद नव्हती. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना फोन केला, तर ते नवव्या दिवशी येऊ शकले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण डोंगरभर पसरलेल्या कितीतरी शाळा त्या एकट्या माणसाच्या वाट्याला आहेत. प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले आहे. विशेष शिक्षकांनी माझ्याकडून, मुलांमधले दिव्यांगत्व ओळखण्यासाठी असलेल्या 'प्रशस्त' ॲपमधली प्राथमिक पडताळणी भरून घेतली आणि जिल्हा रुग्णालयासाठी संदर्भपत्र दिले. एनसीईआरटीचे हे ॲप २०२२ पासून उपलब्ध होते आणि त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरायचा असतो. आधी तो भरताना मी या मुलाचे नाव सहज ओलांडून पुढे गेले होते.

रुग्णालयात दोन्ही पडद्यांना छिद्रे असल्याचे निघाले. श्रवणचाचणीत उजव्या कानाचा ऱ्हास ४८ डेसिबल आणि डाव्याचा ५५ आला. समोरासमोरचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. त्यातून एवढे वजा केले तर काय उरते, याचा हिशेब मी परतीच्या एसटीत करत बसले होते. कान पूर्ण कोरडे झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे बातमी वाईट नव्हती. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते, त्यामुळे त्याला प्रमाणपत्र मिळणार नव्हते. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मी समजू शकते. मात्र दिव्यांगांच्या यादीत नाव नसलेली आणि तरीही वर्गात अर्धेच ऐकणारी मुले या रेघेच्या अलीकडे बसलेली असतात, त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही, आणि त्यांना ओळखू शकेल असा एकच माणूस रोज त्यांच्यासमोर असतो, तो म्हणजे वर्गशिक्षक. म्हणून प्रमाणपत्राची वाट पाहत बसणे मला पटत नाही. त्याला पहिल्या ओळीत बसवायला, खिडकी पाठीशी न घेता उजेड तोंडावर येईल असे उभे राहायला आणि फळ्याकडे वळले की बोलणे थांबवायला कोणाचीही मंजुरी लागत नव्हती. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण गेली. पहिले पंधरा दिवस मी वाक्याच्या मध्येच थांबून वळत असे.

पवर्गाची युक्ती विशेष शिक्षकांनी शिकवली. ओठांपुढे कागदाची बारीक पट्टी धरली की 'प'ला ती जेमतेम हलते आणि 'फ'ला उडते. गळ्यावर बोटे ठेवली की 'ब'ची थरथर लागते. नाकाच्या कडेला बोट लावले की 'म' हाताला कळतो. आम्ही रोज दहा मिनिटे हा सराव करायचो, आधी तो आणि मी, मग इतर मुलेही हट्टाने त्यात आली. श्रुतलेखनात आता मी शब्दाबरोबर खूणही करते.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या श्रुतलेखनात तेरावा शब्द 'मासा' होता. मी खूण करायची विसरले. त्याने माझ्याकडे पाहिले, पेन्सिल थांबवली, आणि स्वतःचे बोट नाकाला लावून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. त्याने 'मासा' लिहिले आणि चौदाव्या शब्दासाठी वर पाहिले.