टाकी काढण्याआधी: अमेरिकेतल्या घरात विजेचा टँकलेस गिझर

अमेरिकेत बहुतेक घरांच्या गॅरेजात, तळघरात किंवा एखाद्या कपाटात पिंपाएवढी टाकी उभी असते. ४० किंवा ५० गॅलनची, म्हणजे १५० ते १९० लिटर पाणी चोवीस तास गरम ठेवणारी. आंघोळीआधी बटण चालू, झाल्यावर बंद, हा आपल्याकडचा प्रकार तिच्याबाबतीत नसतो. दहा-बारा वर्षांनी ती बुडातून गळायला लागते आणि घरात विषय निघतो: पुन्हा टाकीच आणायची, की भिंतीवर टांगायचा, छोट्या बॅगेएवढा विजेचा टँकलेस गिझर घ्यायचा? मराठी घरांत याचं उत्तर चटकन दिलं जातं, कारण इन्स्टंट गिझर आपल्या ओळखीचा. पण त्या ओळखीवर भरवसा ठेवून इथला गिझर निवडला, तर पहिल्याच हिवाळ्यात चूक कळते.

पुण्या-नाशिकच्या बाथरूममधला ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी २० अंशांवरून ४१ अंशांवर नेतो. २० लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतात, पण कुणाचं अडत नाही. बादली भरेपर्यंत दात घासून होतात. अमेरिकेत मात्र मधे बादली नसते. शॉवरमधून मिनिटाला साडेसात ते नऊ लिटर पाणी थेट अंगावर येतं आणि ते त्याच क्षणी तापलेलं असावं लागतं. टाकी हे काम आधीच, सावकाश करून ठेवते: तिचं ४.५ किलोवॉटचं एलिमेंट तास-दोन तास चालून पाणी साठवतं. टँकलेसला तेच काम पाणी नळीतून जात असताना काही सेकंदांत उरकायचं असतं. म्हणून इथले गिझर १८, २४, २७, ३६ किलोवॉटचे असतात. २७ किलोवॉट म्हणजे आपले नऊ इन्स्टंट गिझर एकाच वेळी चालू.

हिशेब सोपा आहे आणि खरेदीआधी प्रत्येकाने तो कागदावर मांडावा. मिनिटाला किती लिटर पाणी हवं, ते किती अंश सेल्सिअसने तापवायचं, या दोहोंचा गुणाकार करून १४.३ ने भागा. येईल तितके किलोवॉट लागतात. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते, त्यामुळे कुठलीही कंपनी यातून सुटत नाही. आता न्यू जर्सीतला जानेवारी घ्या. नळाचं पाणी ५-६ अंशांवर येतं. आंघोळीला ४१ अंश हवेत, म्हणजे ३५ अंशांची वाढ. ७.६ लिटरच्या एका शॉवरला साधारण १८.५ किलोवॉट. दोन बाथरूममध्ये एकदम आंघोळी सुरू झाल्या तर ३७. म्हणजे ३६ किलोवॉटचा, घरगुती वापरातला सर्वांत मोठा गिझरही तिथे काठावर येतो. फ्लोरिडात हिवाळ्यातसुद्धा पाणी २०-२१ अंशांच्या आसपास असतं. तिथे त्याच शॉवरला साडेदहा किलोवॉट पुरतात, आणि २७ किलोवॉटचा गिझर दोन आंघोळी आरामात सांभाळतो. यंत्र तेच, किंमत तीच. फ्लोरिडातल्या मित्राने मनापासून केलेली शिफारस न्यू जर्सीत किंवा शिकागोत चालत नाही, ती यामुळे. खोक्यावरचा ‘मिनिटाला इतके गॅलन’ हा मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा उबदार प्रदेशाचा असतो. तापमानवाढीचा तक्ता आत, माहितीपत्रकात असतो; तो पाहावा.

पाण्याचं जमलं तरी विजेचा प्रश्न उरतो, आणि बहुतेक बेत तिथेच अडतात. इथल्या घरांत थ्री-फेज नसतो. साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, आणि ड्रायर, एसी, गिझर अशा जड उपकरणांना दोन गरम (म्हणजे वीज असलेल्या) तारांमधून २४० व्होल्ट मिळतात. २४० व्होल्टवर २७ किलोवॉट म्हणजे ११२.५ अँपिअर. जुन्या घरांना अख्ख्या घरासाठी १०० अँपिअरचीच जोडणी असते. तिथे विषय संपला. २०० अँपिअरच्या घरातही एसी, विजेची शेगडी, कपड्यांचा ड्रायर आणि आता गॅरेजमधला गाडीचा चार्जर ही मंडळी आधीच बसलेली असतात. सगळं एकाच वेळी चालत नाही हे धरून इलेक्ट्रिशियन नियमाप्रमाणे लोड काढतो. तो कागद हातात आल्याशिवाय गिझर मागवू नये. पॅनेल (घरातले सगळे ब्रेकर असलेली पेटी) आणि घरापर्यंतची जोडणी वाढवायची वेळ आली तर खर्च काही हजार डॉलरांवर जातो, आणि पाच-सातशे डॉलरांचा गिझर त्यापुढे किरकोळ वाटू लागतो.

जुन्या टाकीची तार नव्या गिझरला कधीही चालत नाही. टाकीला ३० अँपिअरचा एक ब्रेकर आणि १० गेजची तार असते (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). २७ किलोवॉटच्या गिझरला सहसा ४० अँपिअरचे तीन डबल-पोल (दोन्ही गरम तारा एकदम तोडणारे) ब्रेकर आणि प्रत्येकाला स्वतंत्र ८ गेजची तांब्याची तार लागते. ३६ किलोवॉटला असे चार. पॅनेलमध्ये एक डबल-पोल ब्रेकर दोन घरं (ब्रेकर बसवायच्या खाचा) अडवतो, म्हणजे सहा किंवा आठ रिकामी घरं हवीत. ‘तार आहेच, फक्त ब्रेकर मोठा टाकू’ असं कुणी सुचवलं तर त्याला पॅनेलला हात लावू देऊ नका. १० गेजच्या तारेवर ४० अँपिअरचा ब्रेकर घातला की तार भिंतीच्या आत तापत राहते आणि ब्रेकर मात्र पडत नाही. लाकडी सांगाड्याच्या घरात याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

बिलात किती बचत होते? विजेची टाकी काढून विजेचाच टँकलेस लावला तर थोडीच. पाणी तापवायची ऊर्जा दोन्हीकडे सारखी. वाचते ती फक्त टाकी उभ्या-उभ्या गमावते ती उष्णता. चांगल्या आवरणाच्या नव्या टाकीत ती दिवसाला एखादं युनिट असते, जुन्या टाकीत थोडी जास्त. युनिटला १५-२० सेंट धरले तर महिन्याला पाच-सहा डॉलर. टँकलेसचे खरे फायदे तीन: जागा मोकळी होते, पाणी संपत नाही, आणि टाकी फुटून तळघरात पाणी साठायची धास्ती जाते. वीज वाचवणं हाच हेतू असेल आणि तळघरात किंवा गॅरेजात जागा असेल, तर हीट पंपवाली (आसपासच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारी) टाकी घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे; ती तेवढंच पाणी साधारण एक तृतीयांश विजेत तापवते. छोटा कॉन्डो (सोसायटीतला मालकीचा फ्लॅट), एक-दोन बाथरूम, उबदार राज्य, आणि घरात गॅस नाही, अशा ठिकाणी विजेचा टँकलेस शोभतो.

ठरलंच तर आधी शहराचा परवाना काढा, प्लंबिंगचा आणि विजेचा. कॉन्डो असेल तर सोसायटीचीही लेखी परवानगी. काही शहरांत गिझरच्या लायनीवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह सक्तीचा असतो. परवाना काढतानाच विचारून घ्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी भिंत पुन्हा उघडावी लागत नाही.

टाकी काढायला निम्मा दिवस हाताशी ठेवा. ब्रेकर पाडून टेस्टरने खात्री करा, थंड पाण्याचा कॉक बंद करा, वरच्या मजल्यावरचा गरम नळ उघडा, म्हणजे आत हवा शिरेल, आणि खालच्या तोटीला बागेचा पाइप लावून पाणी बाहेर सोडा. ते कढत असतं. आदल्या रात्री ब्रेकर बंद केलेला बरा. जुन्या टाकीच्या तळाशी क्षारांचा गाळ बसलेला असतो आणि तो हमखास तोटीत अडकतो. अशा वेळी थंड पाण्याचा कॉक क्षणभर उघडून बंद केला की दाबाने गाळ हलतो. रिकामी टाकीही ५०-६० किलोंची असते. दोन माणसं आणि हातगाडी हवी.

नवा गिझर उभाच लावायचा, जिथे पाणी गोठणार नाही अशा जागी. उत्तरेकडच्या राज्यांत न तापवलेलं गॅरेज बाद. पाऊण इंची पाइपांवर दोन्ही बाजूंना बंद करता येणारे व्हॉल्व्ह बसवून घ्या, फ्लशिंगची, म्हणजे आतला क्षार धुऊन काढायची, तोंडं असलेले. पुढे दरवर्षी उपयोगी पडतात. तांब्याचे जोड सोल्डर करायचे असतील तर ते गिझरपासून लांब, आधीच करून घ्या. गिझरला जोडलेल्या पाइपवर टॉर्च धरला की आतला प्लास्टिकचा प्रवाह-सेन्सर वितळतो आणि वॉरंटी तिथेच संपते.

गिझर जळण्याची खरी भीती मात्र पहिल्या पाच मिनिटांत असते. पाइपमध्ये हवा असताना ब्रेकर चालू केला की एलिमेंटभोवती पाणी नसतं. काही सेकंदांत ते लाल होऊन तुटतं. म्हणून सगळे ब्रेकर बंद ठेवून गरम नळ पूर्ण उघडायचा. नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवा, नाहीतर सोल्डरचे कण आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे तिच्यात बसतात. सुरुवातीला नळ खोकतो, फुरफुरतो, पाणी पांढरं येतं. मग धार अखंड आणि काचेसारखी स्वच्छ होते. तशी ती तीन-चार मिनिटं वाहू द्या, आणि त्यानंतरच वीज द्या. रस्त्यावरची पाण्याची लाइन दुरुस्तीला बंद होती, विहिरीचा पंप बिघडला होता, तरी हेच करायचं. अशा दिवशी गिझरचे ब्रेकर आधी पाडायचे. आणि ब्रेकर तीन असतील तर तिन्ही. एक पाडून झाकण उघडणाऱ्याला बाकीच्या दोन तारांत वीज असते.

वापरात काही गोष्टी नव्याने लक्षात येतात. गरम पाणी नळाला लगेच येत नाही. गिझर गॅरेजात आणि बाथरूम ६० फुटांवर असेल, तर त्या पाऊण इंची तांब्याच्या पाइपात साडेपाच लिटरच्या वर गार पाणी उभं असतं. ते निघून जायला शॉवरला पाऊण मिनिट लागतं, टाकी असो वा नसो. दुसरं, फार बारीक धारेवर गिझर चालूच होत नाही; प्रवाह मिनिटाला साधारण एक ते दोन लिटरांच्या वर जावा लागतो. यातून उन्हाळ्यात एक चमत्कारिक तक्रार निघते. गिझर ४९ अंशांवर लावलेला, नळाचं पाणी आधीच कोमट, म्हणून माणूस शॉवरमध्ये भरपूर विसण घेतो. विसण वाढलं की गिझरमधून जाणारं पाणी घटतं, गिझर बंद पडतो आणि अंगावर गार धार येते. उन्हाळ्यात गिझर ४१-४२ अंशांवर आणून ठेवा आणि जवळजवळ निव्वळ गरम पाणीच घ्या. तक्रार राहत नाही.

भारतातून आई-बाबा येतात तेव्हा बादली-तांब्या बाहेर निघतो, आणि टबाच्या मोठ्या तोटीखाली बादली लावली जाते. ती तोटी पूर्ण उघडली तर मिनिटाला १५ लिटर पाणी सोडते. न्यू जर्सीच्या थंडीत २७ किलोवॉटचा गिझर तेवढ्या पाण्याला ३१-३२ अंशांपलीकडे नेऊ शकत नाही. काही गिझर, उदाहरणार्थ स्टीबेल एल्ट्रॉनचे टेम्प्रा प्लस, अशा वेळी प्रवाहच कमी करून तापमान राखतात. इतर बरेच कोमट पाणी सोडतात. ‘पाणी तापतच नाही’ म्हणून बाबा तोटी आणखी उघडतात आणि ते आणखी गार येतं. तोटी अर्ध्याच्या थोडी वर उघडायची. साडेनऊ लिटरच्या प्रवाहाला पाणी ४६ अंशांवर येतं, आणि विसण घालून बादली दोन मिनिटांत तयार.

वीज गेली की टाकीत निदान एक-दोन आंघोळींचं पाणी उरतं. इथे काहीच नाही. बर्फाच्या वादळात वीज जाणाऱ्या भागात हे मोजून घ्या. शिवाय वीज कंपनीची दरयोजना पाहा. अ‍ॅरिझोनातल्या काही योजनांत घरगुती ग्राहकालाही मागणी आकार असतो, म्हणजे ठरावीक वेळेतल्या सर्वांत मोठ्या वापरावर पैसे. संध्याकाळच्या चढ्या वेळेत लागोपाठ झालेल्या आंघोळी तिथे महिन्याचं बिल वाढवतात.

राहिला क्षार. न्यूयॉर्क शहराचं पाणी मऊ आहे, तिथे फारसं काही करावं लागत नाही. फिनिक्स, सॅन अँटोनियो, फ्लोरिडाचा चुनखडीचा पट्टा इथे वर्षातून एकदा गिझर धुतलाच पाहिजे, नाहीतर एलिमेंटवर पुटं चढतात, ते आतून जास्त तापतं आणि फुटतं. सगळे ब्रेकर पाडा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, फ्लशिंगच्या तोंडांना दोन पाइप लावा. बादलीत सात-आठ लिटर पांढरं व्हिनेगर आणि पाण्यात बुडणारा छोटा पंप. पाऊण ते एक तास व्हिनेगर गिझरमधून फिरू द्या. सुरुवातीला बादलीत चुन्यासारखी पांढुरकी कणी दिसायला लागते. मग पाच मिनिटं साधं पाणी, आत येणाऱ्या पाइपवरची जाळी काढून जुन्या टूथब्रशने साफ, व्हॉल्व्ह उघडे, गरम नळ पूर्ण सोडलेला. धार खोकायची थांबून काचेसारखी झाली की ब्रेकर चढवा.