सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग: पहिला पाऊस आणि नवं डांबर

मृग लागून दोन दिवस झाले होते, पाऊस मात्र अजून पडला नव्हता. शनिवारी सकाळी सहाला मी आणि दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, सोलापुरातून निघालो. बेत साधा होता: तुळजापूरला दर्शन, तिथून नळदुर्ग, आणि परतताना हैदराबाद हायवेवरून आत वळून दादाच्या सासुरवाडीला जेवण. सगळा फेरा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा. दादा गेली अठरा वर्षं डांबरीकरणाच्या कामावर पेव्हर, म्हणजे रस्त्यावर डांबराचा माल पसरवणारं यंत्र, चालवतो. मला रेसिंगचं वेड आहे. त्यामुळे गाडीत रस्त्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

तुळजापूरपर्यंत पाऊण तास लागला. देवळात पायऱ्या उतरताना दादाने मला थांबवलं. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या होत्या. मधला दगड लाखो पावलांनी आरशासारखा गुळगुळीत झालेला, तर कडेला, जिथे पाय कमी पडतात, तिथला खरखरीत. "मधून चाल आणि मग कडेने चाल," तो म्हणाला. मधे पाय सटकत होता, कडेला तळवा घट्ट बसत होता. ओल सगळीकडे सारखीच होती, फरक फक्त दगडाच्या पोताचा होता. रस्त्याची पकड मला खरी कळली ती तिथे, अनवाणी.

नळदुर्गात तासभर गेला. नर-मादी धबधबे कोरडे होते. ते पाहायचे तर ऑगस्टनंतर, बोरी नदीला पाणी आल्यावर जा. किल्ल्यातला पाणी महाल मात्र कधीही बघावा.

खरी गोष्ट परतीची. अणदूर मागे पडलं आणि हायवे सोडून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. तीन आठवड्यांपूर्वीच कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, टाकलेला, काळाभोर, एकही खड्डा नसलेला रस्ता. हायवेवर गाडी खडखडत होती, इथे ती एकदम गप्प झाली. स्टिअरिंग हलकं वाटायला लागलं आणि पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. पुढे डावीकडे साधं वळण होतं, गाडी पन्नासच्या आत होती. वळणातच मी ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि गाडीचं नाक वळेचना. स्टिअरिंग फिरलेलं, गाडी सरळच. एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, घरघर पायाला जाणवली. ब्रेक सोडला तेव्हा कुठे पुढच्या चाकांनी पकड घेतली आणि बाभळीच्या अलीकडे गाडी वळली. हातपाय गार पडले होते.

दादाने गाडी बाजूला लावायला सांगितली. खाली उतरून त्याने रस्त्यावर तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. मेणकापडावर हात फिरावा तसं वाटलं. शंभर पावलं मागे, जुन्या रस्त्यावर, खडी तळव्याला टोचत होती.

"माल प्लांटमधून दीडशे अंशाच्या आसपास तापलेला येतो," दादा सांगत होता. "प्रत्येक खडीला डांबराचा लेप असतो. रोलर फिरला की वर तोच लेप दिसतो, दगड दिसत नाही. टायर रोज घासून तो लेप काढतात, तेव्हा दगड उघडा होतो. या रस्त्यावर दिवसाला चार ट्रॅक्टर आणि दोन एसट्या. लेप निघणार कधी? त्यात डांबर जरा जास्त पडलं असेल तर आपल्याकडच्या उन्हात ते वर येतं."

मला लगेच इस्तंबूल आठवलं. नोव्हेंबर २०२० मधली फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींतली तुर्की ग्रांप्री. शर्यतीच्या काही दिवस आधी ट्रॅकवर नवं डांबर टाकलं होतं. त्यातलं तेल अजून वर येत होतं, हवा गार होती आणि वरून पाऊस. जगातले सगळ्यात चांगले चालक सरळ रस्त्यावरही गिरक्या घेत होते. पुढच्या वर्षी जोरदार दाबाच्या पाण्याने तोच पृष्ठभाग खरवडला आणि पकड परत आली. डांबर तेच होतं, फक्त दगड उघडा झाला होता. अबू धाबीच्या ट्रॅकसाठी तर खडी इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खाणीतून आणली, कारण तो दगड घासून लवकर गुळगुळीत होत नाही. देवळाच्या पायरीचा धडा तोच.

पण नवा थर दरवेळी घातकच असतो असंही नाही. कोरड्यात तो फार बरा. २०१४ साली रशियातल्या सोचीच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा चालक रोझबर्ग याने पहिल्याच फेरीनंतर टायर बदलले आणि उरलेली सगळी शर्यत त्याच टायरवर काढून दुसरा नंबर मिळवला. गुळगुळीत पृष्ठभाग टायर खात नाही. घात होतो तो पाण्याने. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर २०१८ मध्ये नव्या थरावरून पाणी नीट वाहून जाईना, म्हणून मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलींची, शर्यतच रद्द करावी लागली होती.

आता या दिवसांत कुणी असा फेरा करणार असेल तर दादाच्या आणि माझ्या अनुभवाचं सांगतो. चकाकणारा काळा रस्ता दिसला आणि पाऊस भुरभुरत असेल, तर वेग तिथेच तीस-पस्तीसवर आणा. मुसळधार पावसापेक्षा पहिला अर्धा तास वाईट, कारण धूळ आणि तेल वर तरंगतं पण वाहून जात नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावा आणि वळणात फक्त वळा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. दोन चाकं जुन्या कडेवर आणि दोन नव्या थरावर असताना जोरात ब्रेक मारू नका, गाडी एका बाजूला ओढते. थराची कड उंच असते, मोटरसायकलवाल्यांनी ती तिरकी चढू नये. कडेला सुटी कच पडलेली असते, तिच्यावरही मोटरसायकल वाकवू नये. कारच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याला चालतात, ओल्या रस्त्यावर त्या तीनच्या खाली जाऊ देऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

आणि एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: नव्या रस्त्यावर नवे गतिरोधक असतात आणि त्यांचे पांढरे पट्टे मारायचे राहिलेले असतात. काळ्यावर काळं दिसत नाही. आम्हाला तसे दोन लागले, दोन्ही शाळेजवळ.

सासुरवाडीला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाऊन निघेपर्यंत पाऊस चांगला तासभर कोसळून थांबला होता. त्याच वळणावर दादाने पुन्हा गाडी थांबवायला लावली आणि खाली वाकून हात फिरवला. धूळ धुऊन गेली होती, डांबर तसंच होतं. "दिवाळीला येऊ तेव्हा बघू," तो म्हणाला, आणि हायवेपर्यंत मी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.