तुम्ही विचारलंत म्हणून: ८० च्या आत कधी आलात का?

गोल्फ खेळणारा माणूस भेटला की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. आधी हँडिकॅप (खेळ किती कच्चा त्याचा आकडा) किती होता, मग होल-इन-वन, म्हणजे एकाच फटक्यात चेंडू भोकात, झाला का (नाही झाला, विषय संपला), आणि मग हळूच, बेस्ट स्कोअर किती (अठरा होलला मिळून किती फटके, जितके कमी तितकं चांगलं)? ८० च्या आत आलात का कधी? मी ८० म्हणतो, समोरचा हसतो, म्हणतो, अरेरे एकानेच हुकलं की. हो. एकानेच.

आता वय ८१, पंचविशीत खेळायला लागलो म्हणजे हिशेब तुम्हीच करा. मी कधीच भारी खेळाडू नव्हतो, हौशी, म्हणजे रविवारी सकाळी घरातले उठायच्या आत सटकायचं आणि दुपारी तोंड लपवत परत यायचं. तेव्हा ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं, डोकं खरोखर लाकडाचं असायचं, पर्सिमन नावाच्या झाडाचं, पावसात भिजलं तर फुगायचं, आणि बलाटाच्या, म्हणजे मऊ रबरी सालीच्या, चेंडूवर आयर्नची (लोखंडी क्लबची) कड बसली की चेंडूला चक्क हसरं तोंड पडायचं, आपल्यालाच हसतोय असं वाटायचं. चेंडू पाण्यात गेला की ड्रॉप कसा घ्यायचा, म्हणजे चेंडू पुन्हा खेळात कसा टाकायचा, माहितीये? होलकडे तोंड करून ताठ उभं राहायचं आणि खांद्यावरून मागे टाकायचा. १९८४ ला तो नियम गेला, मग हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून, आणि २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून. तिन्ही पद्धतींनी मी भरपूर ड्रॉप घेतलेत, त्यावरून माझा खेळ कळेल.

तर ते ८०. चाळिशीच्या आसपासची गोष्ट, महिन्याची मेडल स्पर्धा, म्हणजे प्रत्येक फटका मोजायचा, कुणी कुणाला पट (होलजवळचा हलका, घरंगळता फटका) माफ करायचा नाही. त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे, सगळंच सरळ जात होतं. माझं कार्ड माझा एक मित्र लिहीत होता (आपला स्कोअर सोबतचा लिहितो आणि शेवटी दोघांनी सह्या करायच्या, अशी पद्धत). १७ होलनंतर ७४. मी मोजत नव्हतो असं म्हणेन, पण खोटं आहे, नवव्या होलपासून मी दुसरं काहीच करत नव्हतो. अठरावा होल पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा, तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आलो. ७७. अजून दोन पट, म्हणजे ७९. होल पंधराएक फूट लांब.

वारा होता. मी उभा राहिलो, पटर (पट मारायचा क्लब) चेंडूमागे टेकवला, आणि चेंडू हलला. किती? अर्धा इंच असेल, चेंडूवरचं नाव वर होतं ते जरा बाजूला कलंडलं, एवढंच. आता तेव्हाचा नियम असा की तुम्ही पवित्रा घेऊन क्लब टेकवलात आणि मग चेंडू हलला तर तो तुम्हीच हलवला असं धरायचं. वारा असो की काही असो. एक फटका दंड.

मी मागे झालो आणि म्हणालो, हलला. मग दोन पट घेतले. ८०. स्पर्धेत अकरावा की बारावा आलो, दंड नसता तरी बक्षीस नव्हतंच.

हे ऐकलं की लोक लगेच बॉबी जोन्स, तो जुना नामवंत अमेरिकन गोल्फर, काढतात. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये त्याने स्वतःच स्वतःला असाच एका फटक्याचा दंड लावून घेतला, कुणी पाहिलं नव्हतं, आणि शेवटी प्लेऑफमध्ये हरला. मोठा माणूस, प्रश्नच नाही. पण माझ्या गोष्टीत तो बसत नाही, आणि हे मी फार कमी जणांना सांगितलंय, मी 'हलला' म्हणालो कारण मला वाटलं मित्राने पाहिलं. तो होलमधला झेंडा धरून उभा होता, तोंड माझ्याकडे होतं. नंतर कार्डवर सही करताना तो म्हणाला, अरे खरंच हलला का, मी तर बुटाची लेस सुटली ती बघत होतो. तेव्हापासून मला खरंच ठाऊक नाही की त्याची लेस सुटलीये आणि तो माझ्याकडे बघत नाहीये हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं. म्हणून कुणी प्रामाणिकपणाचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलतो.

पुढे ८१ दोनदा आले, ८२ तर कितीतरी वेळा. ८० च्या आत कधीच नाही.

गंमत म्हणजे २०१९ च्या नियमांत ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर दंडच नाही. वाऱ्याने हलला तरी नाही. मित्र म्हणतो, मग ७९ धर ना आता. पण असं मागे जाऊन धरता येत असतं तर मी बरंच काही धरलं असतं. शिवाय आता ८० मारले तर वयापेक्षा एक कमी, ते केवढं मोठं समजतात! पण पुढच्या टीवरून (होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळूनही अठरा होलला शंभरी गाठतो हल्ली, आणि बहुतेक वेळा तर मी आणि मित्र नऊच होल खेळतो.

झेंडा आता काढावा लागत नाही, होलमध्येच ठेवून पट करता येतो, कंबरेला फार बरं. पण मित्राला लांबचं नीट दिसत नाही म्हणून मी झेंड्यापाशी जाऊन उभा राहतो, त्याला माझ्या अंदाजाने रेष घेता येते. गेल्या आठवड्यात तो पटर टेकवून उभा राहिला आणि पटर लागून चेंडू जरासा पुढे सरकला. त्याला कळलं नाही. दंड नाही, पण चेंडू उचलून जागेवर ठेवायला हवा होता, तेवढं मला बोलायला हवं होतं. मी माझ्या बुटाकडे बघत राहिलो. एका पटमध्ये गेला, स्वारी खूश.