टबाशेजारी खिडकी आहे, मग शॉवर कसा लावायचा?

बाथटब आहे, त्याला लागूनच खिडकी आहे, आणि आता वाटतंय की रोज टब भरत बसण्यापेक्षा वरून शॉवर असता तर किती बरं झालं असतं. हे बोलून दाखवलं की कोणीतरी लगेच सांगतंच, आधी ती खिडकी बुजवून टाका. माझं मत एकदम उलटं आहे, बुजवू नका. वाफ आणि ओल बाहेर जायला उघडणाऱ्या खिडकीसारखी सोय नाही, आणि दिवसाउजेडी अंघोळ करण्यात जे सुख आहे ते बल्बच्या उजेडात येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, फक्त लक्ष नळापेक्षा खिडकीकडे जास्त द्यावं लागतं.

नळाचं आधी उरकून टाकते. टबाच्या नळाला डायव्हर्टर असेल, म्हणजे तो खुंटीसारखा दांडा वर ओढला की पाणी दुसरीकडे वळतं तो, तर भिंत फोडायची गरजच नाही. हँड शॉवर घ्या, भिंतीवर वरखाली सरकणारा रॉड लावा, झालं. पाइप मात्र १.५ मीटरचा घेऊ नका, टबाचा नळ खाली असतो आणि उभ्या माणसाच्या डोक्यावर शॉवर अडकवायचा तर तो ताणला जातो, पावणेदोन किंवा २ मीटरचा घ्या. आणि त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, आहे ना हे विचारून घ्या, कारण हँड शॉवर भरलेल्या टबात पडून राहिला आणि नेमका तेव्हाच लाइनमधला दाब गेला तर टबातलं वापरलेलं पाणी उलटं पाइपात ओढलं जाऊ शकतं. भिंतीतून पाइप नेऊन पक्का शॉवर करायचा असेल तर टाइल लावायच्या आधी लाइनचं प्रेशर टेस्टिंग, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासणं, करून घ्याच, नंतर कुठला सांधा गळतोय ते शोधत फिरणं फार महागात पडतं. आणि पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर मोठा रेन शॉवर घ्यायच्या आधी उंची मोजा. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा जितके मीटर वर, दर मीटरला साधारण ०.१ बार दाब. दोन मीटर असेल तर ०.२ बार, त्यात मोठ्या ताटलीतून नुसतं ठिबकणार. मग पंप तरी बसवा नाहीतर छोट्या तोंडाचा शॉवर घ्या.

शॉवर कुठल्या भिंतीवर? खिडकी बहुतेक वेळा टबाच्या लांब बाजूला असते, तेव्हा शॉवर आखूड बाजूच्या भिंतीवर, म्हणजे पाणी टबाच्या लांबीत पडतं. पण एवढ्याने खिडकी कोरडी राहील असं समजू नका, कारण पाणी नुसतं शॉवरमधून येत नाही, आपल्या खांद्यावर आपटून आडवं उडतं, आणि केस धुताना तर सगळीकडेच. त्यामुळे खिडकी भिजणार हे धरूनच काम करायचं.

आता खरा विषय, खिडकीची सिल, म्हणजे खालची आडवी पट्टी. बहुतेक घरात ती सपाट असते, आणि कधीकधी तर किंचित चौकटीकडे कललेली असते, आणि आपण तिथे शाम्पूच्या बाटल्या ठेवतो. पाणी तिथे साचतं, चौकट आणि भिंतीच्या फटीत शिरतं, आणि मग काही महिन्यांनी खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर पोपडे दिसायला लागतात. लाकडी चौकट असेल तर खालचे दोन कोपरे आधी मऊ पडतात, नख रुतवून बघा, लगेच कळतं. तेव्हा सिल एकाच अखंड दगडाची घ्या, ग्रॅनाइट वगैरे, मध्ये जोड नको, आणि तिला टबाच्या बाजूला ढाळ द्या, मीटरला २ सेंटीमीटर इतका. डोळ्यांना जाणवत नाही पण पाणी थांबत नाही. सिल टाइलच्या पुढे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर येऊ द्या आणि पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्या. ही खाच दिसायला काहीच नाही, पण थेंब कडेवरून खाली वळतो, दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकत जातो, आणि खाच आली की पुढे जाता येत नाही म्हणून तिथून सुटून टबात पडतो. खाच नसली की तोच थेंब रोज भिंतीत.

दुसरं म्हणजे टाइल वॉटरप्रूफ असते हा गैरसमज. टाइलमधून पाणी जात नाही पण ग्राउटमधून, म्हणजे टाइलच्या मधल्या फटीत भरलेल्या मसाल्यातून, झिरपतं, म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर टाइलच्या मागे लागतो आणि तो खिडकीच्या बाजूच्या आतल्या कडांवरून वळवून थेट चौकटीपर्यंत न्यायचा. कारागीर बऱ्याचदा सरळ भिंत करतात आणि त्या कडा सोडतात, त्या वेळी स्वतः उभं राहून बघा. जिप्सम बोर्डाची भिंत असेल तर तो काढून सिमेंट बोर्ड.

चौकट लाकडाची असेल आणि बदलायची ऐपत असेल तर यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियम करा. ऐपत नसेल तर खिडकीवर वेगळा वॉटरप्रूफ पडदा, तो खालून टबाच्या आत येईल इतका लांब, आणि अंघोळ झाली की सरकवून ठेवायचा, नाहीतर मागे बुरशी धरते. काच मात्र टफन्डच हवी, यात मी तडजोड करणार नाही. ओल्या टबात पाय घसरला की हात पहिला काचेवर जातो, साधी काच फुटून लांब धारदार तुकडे होतात, टफन्डचा चुरा होतो. आडोशासाठी काच फ्रॉस्टेड घ्या. आरशासारखी फिल्म लावू नका, ती दिवसा छान वाटते पण रात्री आत दिवा लावला की उलटं होतं, बाहेरच्याला आतलं दिसतं.

शेवटी सिलिकॉन. टबाची कड भरायच्या आधी टब पाण्याने भरून ठेवा, वजनाने तो थोडा खाली बसतो, त्या स्थितीत सिलिकॉन भरा आणि सुकेपर्यंत टबातलं पाणी काढू नका. रिकाम्या टबाला भरलं तर पहिल्यांदा टब भरताच सांधा ताणून सुटतो. दगडाच्या सिलला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा, व्हिनेगरसारखा वास येतो त्याने संगमरवराला डाग पडू शकतात. सगळं सुकायला किमान एक दिवस द्या, मग खिडकी बंद करून हँड शॉवरची धार चौकटीच्या चारही बाजूंनी दहा मिनिटं मारत राहा आणि दुसऱ्या कोणालातरी भिंतीच्या पलीकडे टॉर्च घेऊन उभं करा, कुठे ओल दिसते का ते बघायला.