एक घंटी वाजवण्यासाठी

आज शाळेत सातवी-आठवीच्या मुलांची यंत्रं बनवायची स्पर्धा घेतली. काम एकच, टेबलावरची पितळी घंटी वाजवायची, पण किमान आठ टप्प्यांतून. अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (१८८३-१९७०) असली लांबण लावणारी यंत्रं कागदावर काढायचे. मुलांनी ती खोकी, गोट्या आणि कॅरमच्या सोंगट्यांनी उभी केली.

गुण कसे द्यायचे यावर आम्ही तिघी दोन संध्याकाळी बसलो होतो. चाललेल्या प्रत्येक टप्प्याला ५, कल्पकतेला २०, मध्येच हात लावला की उणे ३. आणि माझ्या हट्टामुळे, मिळून काम करण्यालाही २०.

चौथ्या गटाची गोटी पुठ्ठ्याच्या पन्हळीत अडकली. उतारच कमी पडत होता. एका मुलीने वहीचं पान चौघडी दुमडून खाली पाचर सरकवली. गोटी सुटली, पट्टी कलली, सोंगट्या धडाधड पडल्या, आणि शेवटची दोरी तुटली! तेवढ्यात शेजारच्या गटातला मुलगा स्वतःची सुतळी घेऊन धावत आला. दुसऱ्या फेरीत घंटी वाजली तेव्हा दोन्ही गट ओरडत होते. माझे डोळे भरून आले.

त्या सुतळीसाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता. पुढच्या वर्षी असेल, आणि दोनऐवजी तीन फेऱ्या.